न मोजता लिहिलेला आकडा

इस्पितळात रोग्याच्या खाटेपाशी जो तक्ता टांगलेला असतो, त्यावर चार गोष्टी नियमाने लिहाव्या लागतात: अंगाचा ताप, नाडीचे ठोके, श्वासांची संख्या आणि रक्तदाब. अलीकडे रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ही पाचवी गोष्ट त्यांत मिळाली आहे. आपल्या मंडळ्यांतील ज्या बहिणी व मुली परिचारिकेचे काम करितात त्यांना हे सर्व ठाऊकच आहे. परंतु जो प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे तो केवळ त्यांच्यापुरता नाही. जो कोणी दुसऱ्याच्या विश्वासावर काही लिहितो किंवा सांगतो, त्या प्रत्येकाचा तो आहे. प्रश्न असा: एका परिचारिकेने रोग्याचा श्वास न मोजता, त्याच्याकडे जाता जाता एक दृष्टी टाकून, तक्त्यावर १८ हा आकडा लिहिला, आणि योगायोगाने त्या वेळी त्या मनुष्याचा श्वास मिनिटाला खरोखरच १८ वेळा चालत होता. तर तिने खोटे लिहिले काय?

पुष्कळ जण म्हणतील, नाही. आकडा खरा निघाला, रोग्याचे काही बिघडले नाही, मग दोष तो कसला? हे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतील कित्येक अत्यंत कष्टाळू असतात. पण हा प्रश्न पंडितांनी फावल्या वेळी रचलेले कोडे नव्हे. निरनिराळ्या देशांत ज्यांनी इस्पितळांतील तक्ते बारकाईने तपासले, त्यांना असे आढळले आहे की श्वासाच्या रकान्यात १६, १८ आणि २० हे तीन आकडे इतक्या वेळा येतात की तितके ते येणे शक्यच नाही. रक्तदाबाचेही तसेच. पाऱ्याच्या यंत्रावर दर दोन मिलिमीटरांवर एक रेघ असते; म्हणून रेघेकडे पाहून लिहिले तर शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कोणताही सारख्याच वेळा यावयास पाहिजे, म्हणजे शून्य पाचांत एकदा. प्रत्यक्षात शून्यांची रांगच लागलेली दिसते: १२०, ८०, १३०, ८०, १२०, ७०. मनुष्याचे हृदय दहाच्या पाढ्याने चालत नाही. तो पाढा लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

या सर्वांत श्वासाची उपेक्षा अधिक का होते हे समजणे कठीण नाही. तापाला तापमापक आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, नाडीही आता यंत्र सांगते. श्वासाला मात्र बहुतेक वॉर्डांत घड्याळ आणि डोळे यांखेरीज दुसरे साधन नसते. एक मिनिटभर उभे राहून छातीचे वरखाली होणे पाहावे लागते, आणि त्या मिनिटात दुसरे काहीच करिता येत नाही. आणि नेमके हेच चिन्ह इतरांच्या आधी बोलू लागते. शरीरात कोठे रक्तस्राव होत असला, जंतूंचे विष रक्तात पसरू लागले, किंवा फुफ्फुसे प्राणवायू पुरेसा घेईनाशी झाली, म्हणजे मेंदू प्रथम श्वास वाढवितो. रक्तदाब उतरावयास अद्याप अवकाश असतो, रोगी बोलत असतो, कदाचित चहाही मागतो. पण त्याचा श्वास १६ वरून २६ वर गेलेला असतो.

लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली अशा चिन्हांना गुण देण्याची एक पद्धती ठरवून दिली. तीत १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा त्याहून अधिक असल्यास तीन गुण मिळतात. कोणत्याही एका चिन्हाला तीन गुण मिळाले की रोग्याला कोणा जाणत्याने तातडीने येऊन पाहावे असा तेथे नियम आहे. आता ज्याचा श्वास २६ आहे त्याच्यापुढे न मोजता १८ लिहिले गेले, तर काय झाले? तीन गुणांचे शून्य झाले. कोणी धावून यावयाचे होते ते आले नाही. आणि सकाळी डॉक्टर तक्ता पाहतील तेव्हा त्यांना रात्रभर १८, १८, १८ अशी सरळ ओळ दिसेल व ते पुढच्या खाटेकडे वळतील.

परंतु आपल्या प्रश्नातील रोग्याचा श्वास खरोखरच १८ होता. तेव्हा नुकसानीचा मुद्दा बाजूस ठेवून उत्तर दिले पाहिजे. समजा, दोन शेतकऱ्यांमध्ये बांधावरून तंटा पडला आहे आणि एक मनुष्य पंचांपुढे येऊन सांगतो, "हद्दीचा दगड लिंबाच्या झाडापाशीच होता." पुढे मोजणी होते व दगड तेथेच होता असे ठरते. पण तो मनुष्य त्या शेतात कधी गेलाच नव्हता असेही उघडकीस येते. त्याची साक्ष खरी म्हणावी काय? दगडाविषयी तो जे बोलला ते खरे ठरले. पण साक्ष देणे म्हणजे केवळ दगडाविषयी बोलणे नव्हे, 'मी पाहिले' असे म्हणणे होय, आणि ते खोटे होते. तक्त्यावरील आकड्याचेही असेच आहे. त्या लहानशा रकान्यात दोन विधाने असतात. एक, या मनुष्याचा श्वास मिनिटाला १८ आहे. दुसरे, आज पहाटे चार वाजता कोणीतरी त्याच्यापाशी उभे राहून तो मोजला. पहिले विधान दैवयोगाने खरे होऊ शकते. दुसरे दैवयोगाने खरे होत नाही. म्हणून माझे उत्तर असे की तिने खोटे लिहिले. रोगी बरा होऊन घरी गेला तरीही.

यावर कोणी म्हणेल की मोजलेला आकडा तरी नेहमी बरोबर कोठे असतो? हे खरे आहे. पण चूक आणि खोटे यांत जे अंतर आहे ते एका जुन्या उदाहरणावरून चांगले दिसते. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिख नावाच्या वैद्याने सुमारे २५,००० रोग्यांचे ताप मोजून १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब असे व तो काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवावा लागे. (इंग्लंडात क्लिफर्ड ऑलबट याने सुमारे सहा इंची तापमापक काढला, तेव्हा पाच मिनिटांत काम होऊ लागले.) वुंडरलिखने निरोगी मनुष्याचा ताप ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, असा ठरविला, आणि तो आकडा आजही आपल्या तोंडी आहे. पुढे १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांचे ताप पुन्हा मोजले तेव्हा सरासरी ९८.२ आली. वुंडरलिखचा आकडा थोडा सरला म्हणून कोणी त्याला लबाड म्हटले नाही. त्याने मोजले होते, कसे मोजले ते सांगितले होते, आणि म्हणूनच मागून येणाऱ्यांना ते सुधारता आले. अंदाजाने लिहिलेला आकडा असा सुधारता येत नाही, कारण त्याच्यामागे काही नसतेच. उलट तो शेजारच्या खऱ्या आकड्यांनाही बट्टा लावितो. एका रात्रीचा एक आकडा मनचा होता असे कळले की त्या तक्त्यावरील कोणत्या आकड्यावर विसंबावे हे कोणालाही सांगता येत नाही.

तथापि मी येथेच थांबलो, तर ज्या बहिणी रात्रपाळी करितात त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची बाजू मांडल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. किंबहुना खरा विषय तेथूनच सुरू होतो. असे धरा की वॉर्डात चाळीस रोगी आहेत आणि रात्री एकच परिचारिका आहे. प्रत्येकाचा ताप, एक मिनिट नाडी, एक मिनिट श्वास, मग रक्तदाब, आणि लिहिणे. घाई केली तरी एका रोग्यास पाच मिनिटे लागतात. चाळीस रोग्यांची २०० मिनिटे झाली, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. चार तासांनी फेरी करावयाची असेल तर एक फेरी संपते न संपते तोच दुसरी उभी राहते. मध्यंतरी इंजेक्शने, सलाईन, नव्याने भरती झालेला रोगी, आणि ज्याचा शेवट जवळ आला आहे त्याच्या नातलगांना चार शब्द सांगणे, हे सर्व कोणी व केव्हा करावे? अशा ठिकाणी 'सर्व रकाने भरलेच पाहिजेत' हा नियम म्हणजे खोटे लिहिण्याची आज्ञाच होय, फक्त ती तशा शब्दांत दिलेली नसते. सकाळी वरिष्ठ येतात, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून चारचौघांत रागावतात. अंदाजाच्या १८ वर मात्र कोणी कधी बोट ठेवीत नाही. नवी मुलगी दोन-तीन महिन्यांत काय शिकेल ते उघड आहे. अशा वेळी दोषाचा मोठा वाटा ज्यांनी ती व्यवस्था केली त्यांच्या पदरी पडतो, असे मला वाटते.

मोठा वाटा म्हटले, सर्व नव्हे. कारण त्या परिचारिकेपुढे आणखी एक मार्ग असतो, आणि तो म्हणजे रकाना रिकामा ठेवणे. 'मोजले नाही' असे लिहावे आणि वेळ मिळाला नाही हेही लिहावे. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, कारण रिकामा रकाना म्हणजे आळस असे आपण समजत आलो आहो. पण विचार करून पाहा. रिकामा रकाना डॉक्टरांना सांगतो की या रोग्याविषयी आज रात्री आपणांस काही ठाऊक नाही, तेव्हा आता जाऊन पाहा. तोच रकाना व्यवस्थापकांना सांगतो की चाळीस रोग्यांना एक परिचारिका पुरत नाही. भरलेला खोटा रकाना या दोघांचेही डोळे झाकितो. जी बहीण अंदाजाने सर्व तक्ते भरून ठेविते ती स्वतःच्या हाताने असा पुरावा तयार करिते की एका माणसात हे काम सुखरूप होते. मग दुसरी परिचारिका कोण नेमील? तिच्या कष्टांवर तीच पांघरूण घालिते.

आणि वेळ थोडा असेल तर तो कोणाला द्यावा हेही ठरविता येते. ज्याची आज शस्त्रक्रिया झाली, ज्याला नुकताच ताप भरला, जो संध्याकाळपासून निराळा दिसतो आहे, त्याचा श्वास पुरे मिनिटभर मोजावा. जो उद्या घरी जाणार आहे त्याचा राहिला तर राहिला, पण तो राहिला असे लिहावे. काही जणी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणितात. यात कपट नाही, पण जोखीम आहे हे त्यांनी जाणले पाहिजे. एका श्वासाची चूक चारपट होते, आणि उत्तर १६, २० किंवा २४ असेच येते. ज्याचा खरा श्वास २२ आहे तो कधी २० मध्ये पडून निरोगी ठरतो. नाडी अनियमित असेल तर असा गुणाकार बहुधा फसतो. अशा वेळी पूर्ण मिनिट नाडी मोजावी, आणि संशय असल्यास नळी छातीला लावून हृदयाचे ठोके निराळे मोजावे. कित्येकदा हृदयाचे सर्व ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत.

खरे मोजण्यास फार विद्या लागते असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेच्या द्वारे खेड्यांतील बालमृत्यूंवर काम आरंभिले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. लहान मुलांचा न्यूमोनिया श्वासाच्या वेगावरून ओळखता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी आहे: दोन महिन्यांच्या आतील बालकास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असले तर तो वेग जास्त समजावा. परंतु गावोगावच्या सुइणींपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या; पन्नास-साठपर्यंत मोजणे त्यांना कसे जमावे? त्यांच्यासाठी मणी ओवलेले एक साधे साधन करण्यात आले. शेजारी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली की बाळाला न्यूमोनिया आहे असे समजावे. त्या जिल्ह्यातील गावकऱ्यांकरवी न्यूमोनियावर उपचार करण्याच्या प्रयत्नाचा वृत्तांत १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात आला, आणि उपचार झालेल्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांहून पुष्कळ कमी असल्याचे त्यात दिसून आले. त्या साधनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्यात अंदाजाला जागाच नाही. मणी सरकविला किंवा नाही सरकविला. जिला अक्षर येत नाही ती सुईण तेथे वाळू संपेपर्यंत बाळाच्या पोटाकडे पाहत बसे; आणि जिला तीन वर्षांचे शिक्षण मिळाले आहे तिने खाटेपासून चार हातांवरून १८ लिहावे, हे तोलून पाहण्यासारखे आहे.

श्वासाविषयी आणखी एक बारीक प्रश्न आहे. कोवळ्या मनाच्या विद्यार्थिनी तो विचारितात. आपला श्वास मोजला जात आहे हे मोठ्या मनुष्यास कळले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून शिकवणुकीत असे सांगतात की नाडी मोजून झाली तरी मनगटावरील बोटे तशीच ठेवावी आणि त्याच्या नकळत श्वास मोजावा. मग हे फसविणे नव्हे काय? माझ्या मते नव्हे. रोगी तपासणीसाठीच आला आहे, तिने त्याला काही खोटे सांगितलेले नाही, आणि त्याने विचारले तर तिने स्पष्ट सांगावे. येथे झाकले ते खरे बाहेर यावे म्हणून. अंदाजाने आकडा लिहिणारी काहीच झाकीत नाही, सर्वांच्या देखत लिहिते. तरी तिच्या हातून असत्यच घडते.

आता दुसऱ्या बाजूस एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. 'मी जे यंत्रावर पाहिले तेच लिहिले' एवढे म्हणून सुटका होते काय? रक्तदाब घ्यावयाचा तर रोग्यास पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, पाठ व हात टेकलेले असावे, पाय एकमेकांवर चढविलेले नसावे, लघवी तुंबलेली नसावी, आणि पट्टा दंडाच्या मानाने पुरेसा रुंद असावा. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधिला तर रक्तदाब असतो त्याहून अधिक दिसतो. उन्हातून चालत आलेल्या बाईला स्टुलावर बसवून, तिच्याशी बोलत बोलत, लहान पट्ट्याने १६० वाचले आणि १६० लिहिले, तर लिहिणारीने खोटे सांगितले नाही हे खरे. पण कदाचित त्या बाईला जन्मभर गोळ्या लागतील. याला असत्य म्हणवत नाही आणि सत्यही म्हणवत नाही. ज्याने मोजण्याचे काम पत्करिले त्याने ते कसे मोजावे हे शिकण्याचेही पत्करिलेले असते.

यंत्रेही सर्वांशी सारखी वागत नाहीत. २०२० साली करोनाच्या साथीत बोटाला लावावयाचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, खेडोपाडी जाऊन पोहोचला. त्याच वर्षी अमेरिकेतून असे प्रसिद्ध झाले की ज्यांचा आकडा या यंत्रावर ९२ ते ९६ असा समाधानकारक दिसत होता, त्यांच्यात प्रत्यक्ष रक्त तपासता प्राणवायू धोक्याइतका कमी निघण्याचे प्रमाण काळ्या वर्णाच्या रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्र प्रकाशाने मोजते आणि गडद कातडी त्याला फसविते. नखांचा रंग व थंड पडलेली बोटे हीदेखील त्याला फसवितात. तेव्हा आकडा ९५ आहे पण रोगी धापा टाकीत आहे, नाकपुड्या फुलल्या आहेत, एक वाक्य पुरे बोलवत नाही, असे दिसले तर परिचारिकेने ९५ लिहावे आणि त्याखाली जे डोळ्यांनी पाहिले तेही लिहावे, व डॉक्टरांना बोलवावे.

आपण जे रोग्याच्या उशाशी बसतो, त्यांच्याकडेही यात काही काम आहे. मंडळीतील कोणी आजारी पडला म्हणजे उपदेशक, वडील मंडळी व शेजारी भेटीस जातात, खाटेभोवती बसतात, गावची हकीकत सांगतात. रक्तदाबाचा पट्टा दंडावर असेपर्यंत रोग्याला बोलवू नये; बोलण्याने रक्तदाब चढतो. बाळाचा श्वास मोजावयाचा असेल तर ते रडत किंवा पीत नसावे, म्हणून आईने त्याला आधी शांत करावे आणि अंगडे वर करून द्यावे. आणि परिचारिका रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत, काही न बोलता उभी असेल, तर ती रिकामी उभी आहे असे समजून "सिस्टर, आधी आमचे सलाईन बघा" अशी हाक त्या मिनिटात मारू नये. तिचे मिनिट पुरे होऊ द्यावे आणि मग हाक मारावी.